खुंटीवरची पुस्तकं

कोकणातल्या जुन्या घरात पंचांग कपाटात नसतं. माजघराच्या खांबाला खिळा, खिळ्याला सुतळी आणि सुतळीत पंचांग. चालू पानाचा कोपरा हळदीच्या बोटांनी पिवळा झालेला आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं: गाय कधी व्याली, रोहिणीचा पेरा कधी केला, गड्याला उचल किती दिली. अठराव्या शतकात बॉस्टन किंवा फिलाडेल्फियाच्या आसपासच्या शेतकऱ्याच्या घरात जे पंचांग असे, ज्याला तिकडे अल्मनॅक म्हणतात, तेही असंच टांगलेलं असे. ग्रंथालयांत जपलेल्या कित्येक प्रतींच्या कोपऱ्यात दोरीचं भोक आजही दिसतं. चोवीसेक पानं, जाड दोऱ्याचे दोन-तीन टाके, पुठ्ठा नाही. समासातल्या नोंदीही त्याच जातीच्या: वासरू झालं, पहिलं हिव पडलं, अमक्याकडून इतके शिलिंग येणे.

सुरुवातीच्या अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांबद्दल वाचायला लागलं की आधी बायबल, मग प्रवचनं आणि शेवटी जमलं तर पंचांग, अशा क्रमाने माहिती मिळते. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. ती पुस्तकं, धार्मिक असोत की व्यवहाराची, वापरून संपवण्यासाठी छापलेली होती. जे पुस्तक घरोघरी सगळ्यांत जास्त हाताळलं गेलं, तेच आज सगळ्यांत कमी सापडतं. पंचांग रोज हाताळणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या अल्मनॅकचं एक पान डोळ्यांसमोर आणा. एका महिन्याला साधारण एक पान. तारीख, वार, सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राचं स्थान, आणि बंदराच्या गावी छापलेलं असेल तर भरतीची वेळ. बॉस्टनच्या अल्मनॅकमध्ये बॉस्टनची भरती, आणि बाकीच्या बंदरांसाठी त्यात किती मिळवायचं किंवा किती वजा करायचं याचा वेगळा तक्ता. आपल्या किनाऱ्यावर हाच हिशोब तोंडी चालतो: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. पण हे गणित मुंबईकडचं. खाली रत्नागिरी, मालवणकडे जावं तशी भरती आधी येते, म्हणून तिकडे उत्तरातून थोडं वजा करावं लागतं. शिवाय भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपटीत आपण ४५ धरतो, त्यामुळे अष्टमी-नवमीपर्यंत पंचवीसेक मिनिटांची चूक साठते. ऐन भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत होडी खाडीत घालायची असेल तर ही चूक रेतीवर बसवते. बॉस्टनचा छापील आकडा जसाच्या तसा दुसऱ्या बंदरात वापरणाऱ्याचंही तेच होत असणार. तक्ता त्यासाठीच.

पहिल्याच पानांत एक चित्र हमखास असे: उघडा माणूस आणि त्याच्या भोवती बारा राशी. मेषेकडे डोकं, वृषभेकडे मान, मिथुनाकडे हात, आणि असं करत मीनेकडे पावलं. आपल्या ज्योतिषातला कालपुरुष ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र बघून ओळख पटेल, कारण वाटणी तीच आहे. दोन्हीकडचं मूळ जुन्या ग्रीक ज्योतिषाशी जोडलेलं असल्याने हा योगायोग नाही. महिन्याच्या पानावर चंद्र कोणत्या राशीत हे लिहिण्याऐवजी पुष्कळदा सरळ ‘गुडघे’, ‘छाती’, ‘मान’ असंच छापत. चंद्र ज्या अवयवात, त्या दिवशी त्या अवयवाची नस कापून रक्त काढू नये, हा त्याचा उपयोग.

बेंजामिन फ्रँकलिनने ‘पुअर रिचर्ड’ नावाचं अल्मनॅक १७३३ सालासाठी सुरू केलं आणि १७५८ पर्यंत चालवलं. वर्षाला जवळपास दहा हजार प्रती खपत, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. डेडहॅम गावचा वैद्य नथॅनिएल एम्स याचं त्याहून जास्त खपे.

या छापील तारखा वाचताना एका ठिकाणी हमखास फसायला होतं. इंग्रजी राज्यात नवं ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ साली आलं. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला, म्हणून १७५२ च्या अल्मनॅकमध्ये सप्टेंबरला फक्त १९ दिवस आहेत. पानं हरवलीत असं समजू नका. त्याआधी कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना दोन सालं लावत. देवीच्या साथीत रोग्याची काळजी कशी घ्यावी हे सांगणारं थॉमस थॅचरचं एका पानाचं पत्रक बॉस्टनला छापलं गेलं, त्याचं साल १६७७/७८ असं लिहितात ते म्हणूनच. इंग्रजी वसाहतींत छापलेला वैद्यकीय मजकूर म्हणून ते पहिलं धरतात. आपल्याकडे शके आणि इसवी सन जुळवताना पाडव्याच्या आधी की नंतर हे बघावं लागतं, तीच काळजी इथे घ्यायची.

आता धार्मिक पुस्तकांकडे. इंग्रजी वसाहतींतलं आज शिल्लक असलेलं सगळ्यांत जुनं पुस्तक म्हणजे १६४० चं स्तोत्रांचं पुस्तक, ‘बे साम बुक’. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी छापलेलं. छापखाना, कागद, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) सगळं जहाजाने आलं. ते आणणारा जोस ग्लोव्हर वाटेतच वारला आणि त्याच्या विधवेने छापखाना उभा केला. तो चालवायला सोबत आलेला स्टीफन डे हा धंद्याने कुलपं करणारा. १,७०० प्रती छापल्या, आज ११ उरल्या आहेत. त्यातली एक २०१३ मध्ये लिलावात एक कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली. किमतीपेक्षा मला १,७०० मधून ११ हा हिशोब जास्त बोलका वाटतो. दर रविवारी प्रार्थनेला हातात धरायचं पुस्तक, बायका-मुलांनी गाऊन गाऊन त्याचा भुगा केला.

ते छापायला काय लागलं असेल याचं गणित करता येतं. पुस्तक १४८ पानांचं, म्हणजे दोन्ही बाजू मोजल्या तर २९६ पृष्ठं. एका ताव्याला (छापायच्या पूर्ण कागदाला) दोन घड्या घालून चार पानं, म्हणजे एका प्रतीला ३७ तावे. १,७०० प्रतींना ६२,९०० तावे. प्रत्येक तावा दोन्ही बाजूंनी, म्हणजे किमान १,२५,८०० वेळा दांडा ओढायचा. लाकडी हातछापखान्यावर दोन माणसं लागत. एक जण लोकर भरलेल्या चामड्याच्या गोळ्यांनी खिळ्यांवर शाई थोपटतो, दुसरा तावा घालून दांडा ओढतो. जोडी चांगली जमली तर तासाला २५० छाप. म्हणजे नुसतं दाबायचंच काम पाचशे तासांचं. जुळणी, प्रुफं, वाळवण वेगळं. शाई जवसाचं तेल आटवून, त्यात काजळी घोटून केलेली. आणि कागद आदल्या दिवशी ओला करून, दाबून ठेवायचा, कारण कोरड्या कागदावर हातछापखान्याची शाई सारखी धरत नाही.

चुका का राहत तेही यातच आहे. खिळ्यांचा साठा थोडा. चार-आठ पानं जुळवली, छापली, की खिळे सोडवून परत खणांत टाकायचे, तरच पुढची पानं जुळतात. छपाई चालू असताना चूक दिसली तर यंत्र थांबवून दुरुस्त करत, पण आधी निघालेले तावे फेकत नसत, कारण कागद समुद्रापलीकडून आलेला. म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रती अक्षरशः सारख्या नसतात. ‘बे साम बुक’मध्ये तर डाव्या पानाच्या माथ्यावर ‘साम’ हा शब्द एका स्पेलिंगने आणि उजव्या पानावर दुसऱ्याच स्पेलिंगने आहे, आणि तो फरक पानोपानी चालला आहे.

मुलांचं ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ तर याहून जास्त झिजलं. बेंजामिन हॅरिसने ते बॉस्टनला १६९० च्या आधी काढलं, पण हाती लागलेली सगळ्यांत जुनी प्रत १७२७ ची. मधल्या चाळीसेक वर्षांतली पोरांनी फाडली. फ्रँकलिन आणि त्याचा भागीदार हॉल यांच्या वहीत १७४९ ते १७६६ या काळात ३७,१०० प्रती विकल्याची नोंद आहे. आत आधी अक्षरं, मग आपल्या बाराखडीसारखे अब्, एब्, इब् असे जोड, मग दोन, तीन करत सहा तुकड्यांच्या शब्दांपर्यंत, आणि मग प्रत्येक अक्षराला एक लाकडी ठशाचं चित्र आणि दोन ओळी. ‘ए’ला आदम आणि त्याचं पाप. वाचायला शिकणं आणि धर्म शिकणं वेगळं नव्हतंच. त्याआधीच्या पोरांच्या हातात हॉर्नबुक असे: मुठीच्या लाकडी फळीवर एक कागद चिकटवलेला आणि त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा. धूळपाटीवर बोट फिरवणाऱ्या आपल्या पोरांपेक्षा त्यांचं साधन टिकाऊ होतं, पण मजकूर एकच आणि तोही न पुसणारा.

बायबलचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. इंग्रजीत बायबल छापायचा हक्क राजाने नेमलेल्या इंग्लंडमधल्या ठरावीक छापखान्यांनाच होता. त्यामुळे अमेरिकेत संपूर्ण इंग्रजी बायबल उघडपणे छापलं गेलं ते फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट एटकेनकडून, १७८२ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना आयात थांबली तेव्हा. तह झाल्यावर स्वस्त आयात बायबलं परत आली आणि एटकेनला तोटा झाला. जर्मन भाषेतलं बायबल मात्र जर्मनटाउनच्या ख्रिस्टोफ साउरने १७४३ मध्येच काढलं होतं, १,२०० प्रती, खिळे फ्रँकफुर्टहून मागवलेले. एफ्राटा इथल्या मठातल्या पंधरा जणांनी तीन वर्षं खपून १७४८ मध्ये हुतात्म्यांच्या चरित्रांचा १,५१२ पृष्ठांचा ग्रंथ छापला, कागदसुद्धा स्वतःच केला. पुढे स्वातंत्र्ययुद्धात त्याचे न बांधलेले तावे सैनिकांनी काडतुसांसाठी उचलून नेले. शस्त्र हाती न धरणाऱ्या पंथाच्या पुस्तकाचं हे झालं, हे वाचताना आजही वाईट वाटतं.

पण या सगळ्यांच्या आधी, १६६३ मध्ये, पहिलं संपूर्ण बायबल त्या भूमीत छापलं गेलं ते इंग्रजीतही नव्हतं आणि जर्मनमध्येही नाही. ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या मॅसॅच्युसेट भाषेत होतं. भाषांतर जॉन एलियट या मिशनऱ्याच्या नावावर, छपाई सॅम्युअल ग्रीन आणि मार्मड्यूक जॉन्सन यांची. जुळारी (खिळे जुळवणारा) होता निपमक जमातीचा तरुण, वोवाउस, ज्याला जेम्स प्रिंटर म्हणत. १६५९ मध्ये तो ग्रीनकडे उमेदवारीला लागला. ग्रीनला भाषा येत नव्हती. न कळणाऱ्या भाषेचे खिळे जुळवणं म्हणजे काय हे ज्याने कधी मोडीतला कागद नुसता चित्र म्हणून उतरवून पाहिला असेल त्याला कळेल: अक्षर बरोबर पडलं तरी शब्द कुठे तुटतो ते समजत नाही. १६७५ मध्ये मूळ रहिवासी आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा जेम्स आपल्या लोकांकडे गेला, माफी जाहीर झाल्यावर परत आला आणि दुसऱ्या आवृत्तीला लागला. युद्धात पहिल्या आवृत्तीच्या कितीतरी प्रती नष्ट झाल्या होत्या. हा मजकूर समजून जुळवू शकेल आणि तपासू शकेल असा माणूस आमच्याकडे हा एकच आहे, असं एलियटने तेव्हा इंग्लंडला कळवलं. दुसरी आवृत्ती १६८५ ला पुरी झाली. पुढे ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. १९९३ पासून जेसी लिटल डो बेअर्ड यांनी वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये ती पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा शब्द आणि व्याकरण शोधायला हेच बायबल कामी आलं.

आपल्या किनाऱ्यावर छपाई याच्याही आधीची. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पोर्तुगीज पुस्तक तिथे छापलं गेलं, इतक्या चुकांसह की शुद्धिपत्रच कित्येक पानांचं झालं. १६१६ मध्ये राचोलला फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ निघालं, भाषा मराठी पण लिपी रोमन. त्याला देवनागरीत छापायचं होतं. सहाशे अक्षरांचे साचे दोनशेवर आणता येतील असा हिशोब त्याने १६०८ मध्ये रोमला लिहून पाठवला होता. ते झालं नाही. आणि त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज माहीत नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवल्यामुळे.

अमेरिकन छपाई आपल्या दारात आली ती १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या मिशनऱ्यांबरोबर. १८१७ मध्ये त्यांच्या छापखान्यातून पहिलं मराठी पत्रक निघालं आणि १८२६ मध्ये नवा करार. तिथे थॉमस ग्रॅहमने देवनागरी खिळे सुधारले. तिथेच काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर (दगडावरून छापायच्या यंत्रावर) मराठी पंचांग छापलं. धर्मप्रचाराच्या छापखान्यातला कारागीर बाहेर पडून सगळ्यांत आधी काय छापतो, तर पंचांग. पुढे ते खुंटीला लागलं.

व्यवहाराच्या पुस्तकांतलं माझं आवडतं अमेलिया सिमन्सचं पाकपुस्तक, हार्टफर्ड, १७९६, पन्नासच्या आत पानं. याआधीचं अमेरिकेत छापलेलं पाकपुस्तक (विल्यम्सबर्ग, १७४२) मूळ इंग्लंडचंच होतं. सिमन्सने मक्याचं पीठ, भोपळा, तिथली फळं घेतली आणि खिरापतीसारखी गोड वडी फुगवायला पर्लॅश वापरायला सांगितलं. पर्लॅश म्हणजे लाकडाच्या राखेचं पाणी निवळून, आटवून, भट्टीत पांढरं होईतो भाजलेला खार. पापडखार ओळखणाऱ्याला तो नवा नाही. तिच्या एका पाककृतीचं माप असं: साधारण ४५० ग्रॅम साखर पेलाभर पाण्यात मंद उकळून, मळी काढून गार करायची, त्यात दुधात विरघळवलेला दोन चहाचे चमचे पर्लॅश, सव्वा किलोला थोडं कमी पीठ, त्यात ११५ ग्रॅम लोणी चोळायचं, आणि दोन मोठे चमचे बारीक कुटलेले धणे. अर्धा इंच जाड लाटून, हवे तसे कापून, मंद भट्टीत पंधरा-वीस मिनिटं. तीन आठवडे टिकतात असं ती म्हणते. गोडात धणे बघून दचकू नका, चव छान लागते. आज करायचं तर पर्लॅशच्या जागी तेवढाच खाण्याचा सोडा आणि दुधाऐवजी ताक घ्या, म्हणजे आंबटपणाने वायू सुटून फुगतं. खार जास्त झाला तर लोण्याशी मिळून साबणाची चव येते, हीच त्या काळचीही तक्रार. पहिल्या आवृत्तीतच तिने शुद्धिपत्र जोडून सांगितलंय की मजकूर उतरवायला ठेवलेल्या व्यक्तीने तिला न विचारता त्यात फेरफार केले.

या पुस्तकांच्या स्कॅन प्रती आता फुकट वाचायला मिळतात. वाचताना इंग्रजीतलं लांब ‘एस’ अक्षर ‘एफ’सारखं दिसतं, तेवढं लक्षात ठेवा, ‘एफ’ची आडवी रेघ दांडीच्या दोन्हीकडे जाते, या ‘एस’ची फार तर डावीकडे किंचित दिसते. पानाच्या तळाशी उजवीकडे एकटा शब्द असतो तो पुढच्या पानाचा पहिला शब्द, बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. मूळ प्रत किंवा त्या जातीचा जुना कागद हाती आला तर उजेडासमोर धरा. सुमारे इंचाच्या अंतराने जाणाऱ्या रेघा दिसल्या तर तो बहुधा जाळीवर हाताने उचललेला चिंध्यांचा कागद. रेघा उभ्या आणि जलचिन्ह पानाच्या मध्यावर असेल तर ताव्याला एकच घडी. रेघा आडव्या आणि चिन्ह शिवणीत अर्धं गेलेलं असेल तर दोन घड्या. पानाच्या मागून बोट फिरवून अक्षरांचा उठाव लागला तर खिळ्यांची छपाई, सपाट लागलं तर शिळाप्रेस. घरातली जुनी पोथी यानेच ओळखता येते.

चिंध्यांचा कागद चारशे वर्षं टिकतो, कारण लिनन-कापसाचे धागे लांब असतात आणि वर जनावरांच्या कातड्याच्या सरसाची खळ असते. लाकडाच्या लगद्याचा कागद आतल्या आम्लाने स्वतःच जळतो, म्हणून आजोबांच्या काळचं स्तोत्राचं पुस्तक १६४० च्या पुस्तकापेक्षा पिवळं दिसतं. पण कोकणात या सरसानेच घात होतो: कसरीला आणि बुरशीला तो आवडतो. पुस्तकाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, आणि बाइंडरला खळीत मोरचूद घालू देऊ नका. कीड लागत नाही हे खरं, पण तांबं कागदाला हळूहळू कुजवतं. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पुस्तकं गच्च कोंबू नका. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी येणारच, तेव्हा दुपारी पंख्याखाली पानं उलटी-सुलटी करत ठेवा, उन्हात नको. अळीने बारीक भोकं पाडायला सुरुवात केली असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर लगेच पाणी धरतं आणि किडीच्या जागी बुरशी बसते.